ऐकलेली दाढ

"हात पाठीमागं, डिकरी. डोळे पुढं. तोंड उघडायचं काम रोग्याचं, आपलं नाही."

डॉक्टर होरमसजींचा हा आवाज अजूनही, सकाळी वाती वळायला बसले की माझ्या कानात येतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या उत्तरावन्संना लेकीसारखं 'डिकरी' म्हणत हे बजावलं. वन्संनी लगेच पदराआड हात पाठीमागं गुंफले आणि खुर्चीपासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या. मी बाहेर ओसरीवर कापसाचं टोपलं घेऊन बसले होते, तिथून मला त्यांची पाठ आणि ते घट्ट धरलेले हात तेवढे दिसत होते.

ही प्लेगच्या आधीची गोष्ट. ठाण्यात मासुंदा तळ्याच्या काठी डॉक्टरांचा बंगला होता. जातीचे पारशी, दातांची विद्या अमेरिकेत शिकलेले. मुंबईचा दवाखाना पुतण्यावर सोपवून हवेसाठी ठाण्यात राहायला आले, पण हात स्वस्थ बसेनात म्हणून पुढच्या खोलीत त्यांनी एक खुर्ची मांडली. माघारी कलणारी, लाल कातड्याची. शेजारी पायानं फिरवायचं एक यंत्र. ते फिरू लागलं की आळीतली कुत्री ओरडत.

उत्तरावन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न होऊन सासरी नांदायला जायच्या आधीच कपाळ पुसलं गेलं. वय वर्षं वीस, अंगावर विधवेचं तांबडं अलवण, डोक्यावर पदर. राहायच्या आमच्याकडेच, ठाण्यात. आमच्या घरातून, म्हणजे माझ्या यजमानांनी, वन्संच्या दादांनी, त्यांना घरीच इंग्रजी शिकवलं होतं. कचेरीतून आल्यावर रोज कंदिलाशी भाऊबहिणीची जोडी बसायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मला वाटायचं, हे शिकून करायचं काय?

काय करायचं ते वन्संनी ठरवलं होतं. माझ्या सासूबाई दाढेनं गेल्या. ऐकणाऱ्याला हसू येतं, दाढेनं कोणी जातं का म्हणून. पण गेल्या. आधी गाल सुजला, मग गळा, मग पाणीही उतरेना. लेप झाले, काढे झाले. शेवटी मामंजींनी कल्याणच्या सरकारी डॉक्टरला दारापर्यंत आणलं, तर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "परपुरुषापुढं तोंड वासू? मला मेलेलं चालेल." तेच झालं. वन्सं उशाशी होत्या. पाणी पाजायचं, कपाळावर हात ठेवायचा आणि बघायचं, याखेरीज त्यांना काही करता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी मनात घेतलं की बायकांचे दात बाईनंच बघायला हवेत.

डॉक्टर ज्या कॉलेजात शिकले तिथं बायकांना घेत. अट एकच, आधी काही महिने जाणत्या दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून सगळं काम डोळ्यांनी बघायचं, आणि तसं त्या वैद्यानं आपल्या सहीनं कळवायचं. डॉक्टरांचा शब्द गेला तर वन्संचा अर्ज पुढं सरकणार होता. नाही गेला तर अलवण, जप आणि कल्याणच्या घरातली मधली खोली.

घरातून होकार मिळाला तोही अटीवर. "तू सोबत जायचंस," मला सांगण्यात आलं. "परक्या पुरुषाच्या घरी ती एकटी नको." कल्याणला मामंजींना एवढंच कळवलं की नणंद-भावजय सकाळच्या बाहेर जातात. सकाळी आम्ही कोपिनेश्वराच्या देवळात जात होतोच, त्यामुळे खोटं काही नव्हतं.

माझे नेम होते. कोपिनेश्वराला बेल वाहिल्याशिवाय तोंडात पाणी नाही. चातुर्मासात लाखवातीचं व्रत, वाती वळताना मौन. आणि त्या चार महिन्यांत आपल्या घरच्या हाताखेरीज दुसऱ्याच्या हातचा पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. वन्सं थट्टा करायच्या, "वहिनी, तुझा देव तुला दमवतो की तू त्याला?"

मार्गशीर्षात आम्ही जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात कचेरीतल्या एका अव्वल कारकुनाची बायको आली. खुर्चीत बसली, मान मागे टाकली, आणि वर बघते तो समोर अलवणातल्या वन्सं. ताडकन उठली.

"आधी हिला हलवा!"

"कोणाला, बाई?" डॉक्टरांना कळेना.

"घरात मुलीचं लग्न ठरतंय, आणि दात दाखवायला आले तर हे दर्शन! अहो, शुभ-अशुभ काही बघता की नाही तुम्ही?"

"मी फक्त दातच बघतो, बाई," डॉक्टर म्हणाले. पण ती बसली नाही ती नाहीच. तिच्यामागं दुसरी तसंच म्हणाली. तिसरी बोलली नाही, नुसती उंबऱ्यातून परत फिरली. पुरुषमंडळीही काही वेगळी नव्हती. एक वकील म्हणाले, "माझं काही नाही हो, पण आज कोर्टात माझं काम आहे."

शेवटी डॉक्टरांनी खोलीत एक जाड पडदा लावला. "डिकरी, थोडे दिवस पडद्यामागं. मंडळी सवयीची झाली की काढून टाकू."

मंडळी सवयीची झाली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, वन्सं पडद्यामागं हात पाठीमागं बांधून उभ्या. बघायला गेलेली मुलगी ऐकत राहिली. घरी आल्यावर भाजी निवडताना मला सांगायच्या, "आज दाढ होती, दोन मुळांची."

"तुम्हाला कसं कळलं? दिसलं थोडंच?"

"आधी कुरकुर झाली, मग थांबली, मग पुन्हा झाली. एक मूळ असतं तर एकदाच झाली असती. आणि डॉक्टर मधे श्वास सोडतात. सुटलं की 'हं' म्हणतात. आज उशिरा म्हणाले."

मी हसले. त्याही हसल्या. मग पानं निवडता निवडता म्हणाल्या, "पण वहिनी, चिमटा धरताना त्यांचा अंगठा कुठं असतो, ते काही ऐकू येत नाही गं."

मी कोथिंबिरीच्या काड्या खुडत राहिले.

वन्संच्या समोर असण्याला एकाच माणसानं हरकत घेतली नाही, आणि तो होता कळव्याचा काळुराम आगरी. मिठागरावर काम करणारा धिप्पाड गडी, पुढचा दात हलत होता म्हणून आला. पडद्याखाली पावलं बघून म्हणाला, "त्या बायला भाईर येव दे ना. उभी राहून पाय दुखत असतील तिचं."

"ती विधवा आहे, अपशकुन म्हणतात लोक," डॉक्टर म्हणाले.

"मंग? माझ्या आयेला नवरा जाऊन किती वर्सं झाली. रोज सकाळी तिचंच तोंड बघतो मी. मिठागर काय बुडला नाय माझा."

त्या दिवशी वन्संनी एक दात निघताना पाहिला. हलत होता, बोटांनीच निघाला. घरी येईपर्यंत त्या बोलत होत्या. पण काळुरामासारखी माणसं दातासाठी डॉक्टरकडे यायचीच नाहीत. दोरा बांधून दाराला अडकवायची.

श्रावणात डॉक्टरांना युक्ती सुचली. त्यांनी पांढरा सुती झगा आणि डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल आणला. वन्संनी अलवणावरून तो झगा चढवला. पडदा निघाला. पहिली रोगीण आली, कोण्या शिरस्तेदाराची सून. तिनं विचारलं, "ही कोण?"

डॉक्टर सहज बोलून गेले, "ख्रिस्ती नर्स आहे, बाई. मिशनची."

"असं होय," म्हणाली आणि तिनं आ वासला.

मी ओसरीवर होते. वात हातात होती, मौन चालू होतं. बोलू शकले असते तरी काय बोलले असते, मला अजून सांगता येत नाही. वन्संनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग त्या वाकल्या आणि पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडात नीट उजेड पडलेला त्यांनी पाहिला.

वाटेत मी म्हटलं, "वन्सं, हे बरं नाही झालं."

"मला ठाऊक आहे." थोडं चालून त्या म्हणाल्या, "पण गंमत बघ वहिनी. विधवा ब्राह्मणीण समोर नको, आणि बाटलेली चालते. तिला ना शकुन ना अपशकुन. ती आपल्यातलीच नाही, मग कशाला भ्यायचं?"

श्रावणभर त्या बघत राहिल्या. किडलेला दात कोरून भरताना, मुलांचे दुधाचे दात काढताना, हिरड्या साफ करताना. हात मात्र पाठीमागंच. रात्री भाकरी थापता थापता त्यांची बोटं आपोआप चिमटा धरल्यासारखी व्हायची. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुझी नणंद डोळ्यानं शिकते. आता फक्त एक मोठी दाढ मुळासकट निघताना तिनं बघावी. तेवढं झालं की मी लिहितो."

ती दाढ भाद्रपदात आली. विमलाबाई नावाच्या एक बाई गाल धरून दवाखान्यात शिरल्या, पदर तोंडावर, कण्हत होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. खुर्चीत बसल्या, डॉक्टरांनी पदर बाजूला केला, आरसा घातला, म्हणाले, "कुजली आहे. आज काढलीच पाहिजे." वन्सं जवळ सरकल्या. विमलाबाईंचे डोळे वर गेले आणि तिथंच थांबले.

"अगंबाई! ही तर आमच्या कल्याणच्या पारनाक्यावरची उत्तरा!"

"नाही नाही, ही मिशनची ख्रिस्ती नर्स," डॉक्टर म्हणाले. नेहमीसारखं, समजूत घालायला.

"ख्रिस्ती?" विमलाबाईंचं कण्हणं थांबलं. "हिच्या थोरल्या भावाच्या मुंजीच्या जेवणावळीत मी वाढलंय! कधी बाटली ही?"

"मी बाटले नाही हो मावशी," वन्सं म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या खोलीत त्या मोठ्यानं बोलल्या. "हे आपलं लोकांना बरं वाटावं म्हणून..."

"मग इतके दिवस गप्प का होतीस? डॉक्टर सांगतायत ना, त्यांच्या तोंडानं ऐकलं मी!"

कुजकी दाढ तशीच घेऊन विमलाबाई कल्याणला परत गेल्या. दुपारच्या गाडीनं गेल्या असतील. संध्याकाळच्या गाडीनं मामंजी आमच्या दारात उभे होते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, हेच वाईट. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. आमच्या घरातून सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरही आले, अंगणात उभे राहून म्हणाले, "शेठ, मी खोटं बोललो. माझी चूक. मुलगी तुमचीच आहे."

मामंजी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात ते तुमच्या धर्मात बसेल. ती ऐकून गप्प राहिली, ते आमच्यात कसं बसवू? मंडळी विचारतायत मला. घरातल्या धाकट्या मुलाची मुंज आहे, कोण येईल जेवायला?"

"बाबा, मी काही केलं नाही," वन्सं दाराआडून म्हणाल्या. "नुसतं पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"आई कशानं गेली ते."

मामंजींनी मान खाली घातली. पण दुसऱ्या दिवशी वन्संचं गाठोडं बांधलं गेलं. कल्याणला प्रायश्चित्त झालं, पंचगव्य झालं. मधल्या खोलीत जप सुरू झाला. इकडे ठाण्यात डॉक्टरांच्या दारात आमच्या लोकांचं पाऊल पडेना. लाल खुर्ची रिकामी. कधीतरी काळुराम मिठाची पुडी देऊन जायचा, एवढंच.

मी एकदा डॉक्टरांकडे गेले, वन्संचं विचारायला. तळ्यावर ऊन पडलं होतं. डॉक्टर यंत्राला तेल घालत होते.

"तुम्ही लिहा ना," मी म्हटलं. "सगळं तर पाहिलंय त्यांनी. एवढी एक दाढ राहिली."

"ती दाढ तिनं पडद्यामागून किती वेळा ऐकली, मला ठाऊक आहे. पण बाई, ऐकलेलं मी 'बघितलं' म्हणून कसं लिहू?" त्यांनी तेलाचा हात पुसला. "एक खोटं बोललो, त्यात त्या मुलीचं सगळं गेलं. आता दुसरं नाही बोलणार. माझ्यासमोर, खुर्चीशेजारी, एक दाढ तिनं मुळासकट निघताना बघू दे. त्याच दिवशी लिहितो. पण दिवाळीच्या आधीच्या बोटीनं पत्र गेलं नाही, तर पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षी मी असेन की नाही, माझं वय तुला दिसतंय."

"कोण बसणार आता त्या खुर्चीत?"

"तोच तर प्रश्न."

मी घरी आले. देवापुढं बसले. काय मागावं तेही सुचेना. कोणाची तरी दाढ कुजू दे, असं का मागायचं देवाजवळ?

आश्विनात मामंजींच्या भेटीला आम्ही कल्याणला गेलो. वन्सं मधल्या खोलीत भिंतीशी बसल्या होत्या. गालाची हाडं वर आली होती. मला बघून उठल्या, जवळ आल्या आणि एकदम थांबल्या.

"वहिनी, लवंगेचा वास येतोय. कुठली दाढ?"

मी पदर तोंडावर घेतला. आषाढापासून उजवीकडची दाढ ठणकत होती. लवंग दाबून ठेवायची, दिवस काढायचा. चातुर्मास संपला की बघू, असं मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरांची बोटं, त्यांच्या पेल्यातलं चूळ भरायचं पाणी, दुसऱ्यांच्या तोंडात गेलेली हत्यारं, हे सगळं त्या चार महिन्यांत मला कसं चाललं असतं?

"काही नाही हो," मी म्हटलं.

"आईही काही नाहीच म्हणायची." त्यांनी माझा गाल हातानं चाचपला. मी सोवळ्यात होते, तरी मागं सरले नाही. त्यांनी हाडाच्या कडेला बोट ठेवलं, हलकंच. "इथं?"

डोळ्यांत पाणी आलं तेवढंच उत्तर पुरलं.

"कार्तिकापर्यंत थांबू नकोस, वहिनी. माझं राहू दे. तू कोणाकडेही जा. मुंबईला जा. पण जा."

माझं राहू दे, असं त्या म्हणाल्या. तेव्हा माझ्या मनात ते आलं. इतके दिवस का आलं नाही, कोण जाणे. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून वन्संचं तोंड बघायला न भिणारी बाई सगळ्या ठाण्यात एकच होती.

"जाईन," मी म्हटलं. "होरमसजींकडेच जाईन. आणि तुम्ही शेजारी उभ्या असाल. माझा शब्द."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझे नेम?"

मी पदर सावरून ओसरीकडे वळले.

मामंजी ओसरीवर पोथी वाचत होते. मी दाराच्या चौकटीशी उभी राहिले. त्यांच्यापुढं मी कधी बोलत नसे. लग्न झाल्यापासून चार वाक्यं बोलले असेन.

"मामंजी, माझी दाढ दुखतेय. आषाढापासून."

पोथीचं पान उलटायचं थांबलं.

"सूज चढायला लागलीय. ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणते. पण पुरुष डॉक्टर. घरातलं बाईमाणूस सोबत लागेल."

मला वाटलं, ओरडतील. त्यांची नजर पोथीवर होती, पण ते वाचत नव्हते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. सासूबाईंनी शेवटी जिकडे तोंड केलं होतं, ती भिंत.

"उत्तरेला ने," ते म्हणाले.

"बरं."

"दारात बसव तिला. आत नको."

"डॉक्टर सांगतील तिथं उभ्या राहतील," मी हळूच म्हटलं. एवढं धाडस त्याच्या आधी केलं नव्हतं, पुढंही केलं नाही. मामंजींनी ऐकलं. नाही म्हणाले नाहीत. पोथी बंद केली, कपाळाला लावली आणि आत निघून गेले.

त्या दाढेनं काय होणार होतं? फार तर एक सही. सही गेली तरी समुद्र ओलांडायला मामंजी कधी हो म्हणणार? मंडळी काय म्हणणार? प्रायश्चित्त एकदा झालं, पुन्हा किती वेळा होणार? यातलं काही माझ्या हातात नव्हतं. माझ्या तोंडात होती तेवढी एक दाढ.

पहाटे मी उठले, आंघोळ केली. कोपिनेश्वर ठाण्याला, म्हणून कल्याणच्या घरच्या महादेवालाच बेल वाहिला. लाखवातीचं टोपलं उघडलं, त्यात पुष्कळ वाती वळायच्या राहिल्या होत्या. एक वात हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. देवा, याचं काय करायचं ते तू बघ, म्हटलं.

वन्सं दारात उभ्या होत्या. अलवण नेसलेल्या, पांढरा झगा नाही, रुमाल नाही. हात पाठीमागं.

मी तोंडातली लवंग काढून अंगणाच्या कडेला टाकली. ठणका लगेच वर आला, कानापर्यंत. लवंगेची डबी कोनाड्यात ठेवली, पदर गालावरून घट्ट ओढून घेतला आणि वन्संच्या पुढं होऊन स्टेशनाच्या वाटेला लागले.